सुईणआजींनी दिलेली तीन मिनिटे

मित्रांनो, माझ्या पोटात फक्त तीन मिनिटे मावतात. मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. उंची एक वीत, चौकट लाकडाची, खांब तीन, आणि कंबर इतकी बारीक की कणांना रांगेनेच खाली जावे लागते.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. कारागिराने नळीतून फुंकर मारून दोन फुगे केले, त्यांची तोंडे एकमेकांना जोडली आणि आतले कण कमीजास्त करत मला आपल्या खिशातल्या घड्याळासमोर नऊ वेळा उलटे केले. नवव्या वेळी बरोबर तीन मिनिटे भरली, तेव्हा तो जेवायला गेला. माझ्या पोटात वाळू आहे असे सगळे समजतात. खरे तर ती अंड्याची टरफले आहेत. धुतलेली, भाजलेली, दळलेली आणि चाळलेली. वाळू काचेला घासते, वाट रुंद करते, आणि काही वर्षांत तीन मिनिटांची पावणेतीन होतात. टरफलांचे तसे होत नाही. पण लोकांची चूक काढत बसणे माझ्या स्वभावात नाही. सगळे वाळू म्हणतात, मीही वाळूच म्हणते.

मला विकत घेतले एका मुख्याध्यापिकेने. तिला सगळे नुसते 'बाई' म्हणत. तिने मला शाळेत नेले नाही. ती मला चर्चच्या मागच्या बैठकीच्या खोलीत घेऊन आली. तिथे एक लांब टेबल होते, आठ खुर्च्या होत्या आणि भिंतीला काचेच्या दाराचे कपाट होते. माझे जवळजवळ सगळे आयुष्य त्या एका खोलीत गेले.

आता त्या खोलीत काय चालते ते आधी सांगते, म्हणजे पुढचे नीट कळेल. चर्चमध्ये येणाऱ्या सगळ्या माणसांना मिळून मंडळी म्हणतात. उपासना चालवायची, बाळांना बाप्तिस्मा द्यायचा, लग्ने लावायची, गेलेल्यांना निरोप द्यायचा, हे काम पाळकांचे. पण छप्पर कधी शाकारायचे, दफनभूमीची भिंत कुठे बांधायची, सभागृह कुणाला वापरायला द्यायचे, हे पाळक एकटे ठरवत नाहीत. त्यासाठी मंडळी दर तीन वर्षांनी मतांच्या चिठ्ठ्या टाकून सात माणसे निवडते. त्यांना 'वडील' म्हणतात. निवडून आल्यावर बाई असो की बुवा, सगळे वडीलच. ही माणसे धर्मशास्त्र शिकलेली नसतात. कुणी बेकरी चालवते, कुणी बस. आठवडाभर आपापला धंदा करून ती महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता टेबलाभोवती बसतात. पाळकही बसतात. त्यांना एकच मत असते, बेकरीवाल्याइतकेच.

माझी गरज का पडली, तेही सांगते. माझ्या आधी त्या खोलीत एका वडिलांनी फाटकाच्या रंगावर एक तास दहा मिनिटे भाषण केले होते. फाटक शेवटी होते त्याच रंगाचे राहिले. पुढच्या निवडणुकीत बाई अध्यक्षा झाल्या आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी मला टेबलाच्या मधोमध ठेवले. ठराव झाला, 'प्रत्येक वडिलास आणि पाळकांस प्रत्येक विषयावर तीन मिनिटे मिळतील.' आधी पाळकांसाठी मला उलटे करत, मग क्रमाने एकेकासाठी. माझ्यापुढे मोठा कोण आणि धाकटा कोण, हे मला कधी कळलेच नाही. सगळ्यांना तेवढीच वाळू.

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. शेजारच्या दोन मंडळ्यांचे वडील मला बघायला आले. बेकरीवाले वडील पहाटे तीनला उठणारे. बैठकीत ते डुलक्या घेत. त्यांनी जाहीर केले, "हिच्यामुळे आता मला सहाच्या आत घरी जाता येतं. हिलाच निवडून द्या पुढच्या वेळी." मी काचेची असूनही फुगले असते, पण तेवढी जागा नव्हती.

बारा वर्षे सगळे सुरळीत चालले. मग जे घडले, ते सांगण्यासाठीच मी बोलायला बसले आहे.

त्या वर्षी मंडळीने एका सुताराला निवडून दिले. हाताने अतिशय कसबी, बोलायला अतिशय संथ. बेकरीवाले म्हणत, "सुतारदादा एक शब्द बोलतात आणि दुसरा आणायला घरी जातात." त्यांचे नावच पडले सावकाश. त्यांना त्याचा राग नव्हता. चर्चच्या आत, मागच्या बाजूला उंचावर एक लाकडी सज्जा होता, एका जाड तुळईवर तोललेला. त्या सज्ज्याचे काम बावीस वर्षांपूर्वी सावकाशांनीच केले होते, आणि रंग इतका सुरेख बसला होता की लोक अजून वर बघून वाहवा करत. त्या कामावरच त्यांना मते मिळाली, असे सगळे म्हणत.

सज्ज्यावर मात्र कुणी बसत नसे. तिथे मोडके बाक ठेवलेले होते. त्या वर्षी चर्चच्या इमारतीला शंभर वर्षे होत होती आणि पाळकांच्या मनात एक कल्पना आली. मोडके बाक खाली आणायचे आणि शताब्दीच्या उपासनेत मंडळीतल्या बत्तीस मुलांनी सज्ज्यावर उभे राहून गायचे. "आवाज वरून येईल," पाळक म्हणाले. ते तरुण होते, आणि गाण्याचा विषय निघाला की त्यांचे तीन मिनिटांत भागत नसे. पण वाळू संपली की ते मुकाट्याने थांबत.

पहिल्या बैठकीत सावकाशांची पाळी आली. बाईंनी मला उलटे केले.

"लाकूड म्हणजे काय असतं बघा," सावकाश म्हणाले, "ते तोडलं तरी मरत नाही. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आता सागवान घ्या..."

सागवानानंतर शिसव आले. शिसवानंतर वाळू संपली.

दुसऱ्या बैठकीत ते खिळ्यांवर बोलले. तिसऱ्या बैठकीत त्यांनी तुळईचे नाव घेतले. "तर त्या तुळईचं असं आहे," असे म्हणून ते थांबले, चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि तुळया पूर्वी बैलगाडीतून कशा आणत ते सांगू लागले.

चिटणीस वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते, छापायच्या मजकुरातल्या चुका शोधणारे. बैठकीचे इतिवृत्त ते लिहीत. जे बोलले गेले तेवढेच लिहायचे, एक शब्द जास्त नाही, अशी त्यांची पद्धत. त्यांच्या वहीत तिन्ही वेळा एकच वाक्य आहे. 'सुतार वडील लाकडाविषयी बोलले. वेळ संपली.'

मित्रांनो, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे सगळे बघतात. मी टेबलावर असते, मला त्याचे डोळे दिसतात. ज्याला काही सांगायचे असते तो वाळू कमी होऊ लागली की घाई करतो. सावकाशांचे उलटे होते. वाळू जशी कमी होई तसे ते आणखी सावकाश होत. तिसऱ्या बैठकीत शेवटचा कण पडला तेव्हा त्यांनी श्वास सोडला. बाई म्हणाल्या, "वेळ झाली, सुतारदादा." आणि ते झटकन खाली बसले. इतक्या चपळाईने त्यांना बसताना मी कधी पाहिले नव्हते.

मला तेव्हा पहिल्यांदा वाटले की हा माणूस माझ्या आड लपतो आहे. बारा वर्षे मी अभिमानाने मिरवले की मी सगळ्यांना बोलू देते. न बोलण्यासाठीही माझा उपयोग होतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

टेबलाभोवतीच्या आणखी एका व्यक्तीला ते कळले होते. त्या सुईणआजी. मंडळीतली निम्मी माणसे त्यांच्या हातून जगात आली होती. बाईंचा धाकटा मुलगा, बेकरीवाल्यांच्या दोन्ही मुली, चिटणीस स्वतः. बैठकीत त्या विणकाम करत आणि क्वचितच बोलत. त्यांची खुर्ची एका पायाने अधू होती. त्या हलल्या की खुर्ची टक टक वाजे. तिसऱ्या बैठकीत सावकाश खाली बसले, तेव्हा ती टकटक थांबली. आजींनी विणकाम मांडीवर ठेवले होते आणि त्या सावकाशांकडे बघत होत्या.

चौथी बैठक शेवटची होती. शताब्दीला आठ दिवस उरले होते. मुलांच्या तालमी खाली सभागृहात झाल्या होत्या, आता त्यांना सज्ज्यावर न्यायचे होते. वडिलांनी हात वर करून परवानगी द्यायची, एवढेच बाकी होते.

पाळक बोलले. बसचालक वडील बोलले. सावकाशांची पाळी आली. ते उभे राहिले आणि रंधा मारताना लाकडाची नस कशी ओळखावी, हे सांगू लागले. बेकरीवाल्यांचे डोळे मिटले. माझी वाळू पडत राहिली, पडत राहिली, संपली.

"वेळ झाली, सुतारदादा," बाई म्हणाल्या. "आजी, तुमचं काही?"

"हो," सुईणआजी म्हणाल्या. "माझी तीन मिनिटं त्यांना द्या."

सावकाश अर्धे बसले होते, तसेच राहिले.

"आजी, तसा नियम नाही," बाई म्हणाल्या.

"नियम काय आहे? वाचा की रे," आजी चिटणीसांना म्हणाल्या. ज्याला पहिली आंघोळ घातली त्याला अहोजाहो करणे त्यांना जमत नसे.

चिटणीसांनी जुनी वही उघडली आणि बोट ठेवून वाचले. "'प्रत्येक वडिलास आणि पाळकांस प्रत्येक विषयावर तीन मिनिटे मिळतील.' एवढंच आहे. मिळालेल्या मिनिटांचं त्यांनी काय करावं, याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मी माझी झोपून काढतो," बेकरीवाले डोळे न उघडता म्हणाले. "मला कुणी कधी अडवलं नाही. आजींनी दिली तर काय बिघडलं?"

सगळे हसले. सावकाश हसले नाहीत. बाईंनी थोडा विचार केला आणि मला उलटे केले.

सावकाश उभे होते. ते माझ्याकडे बघत होते. एक अक्षर बोलत नव्हते. वाळू पडत होती आणि ते ती मोजत होते, हे मला स्पष्ट दिसत होते. एक मिनिट असेच गेले. तेवढ्यात आजींनी हात पुढे केला आणि विणायला घेतलेले लोकरीचे मफलर माझ्यावर टाकले.

मला त्याआधी कुणी कधी झाकले नव्हते. सगळे काळोखे झाले. यापुढचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. जे ऐकले तेच सांगते.

"काय करता आजी?" सावकाशांचा आवाज.

"काही नाही. तुम्ही बोला. बाळंतिणीच्या खोलीत चाळीस वर्षं काढलीत मी. कळ दाबून धरलेला चेहरा मला ओळखता येतो."

मग सावकाश बोलले. त्यांनी लाकडाचे नाव काढले नाही.

"ती तुळई कुजलेली आहे," ते म्हणाले. "भिंतीत जाणारं टोक. बावीस वर्षांपूर्वीच कुजलं होतं. आमचे बाबा गेल्यावर माझ्या नावावर घेतलेलं ते पहिलं काम. वरच्या पन्हाळीचं पाणी भिंतीत मुरत होतं. मी तेव्हाच्या बांधकाम बघणाऱ्या वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, आठ दिवसांवर कार्यक्रम आलाय, आता रंग दे, पुढच्या वर्षी बघू. मी भुसा आणि सरस कालवून भोक भरलं. वरून रंधा मारला. रंग दिला. पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते आता नाहीत, त्यांच्यावर ढकलून उपयोग नाही. लोक त्या रंगाची तारीफ करत राहिले. त्या तारिफेवर मला पुढची कामं मिळाली. तुमची मतंसुद्धा."

"मग आता?" पाळकांनी विचारले. "मुलं वर गेली तर?"

"दोन-तीन गेली तर कदाचित काही होणार नाही. बत्तीस एकदम उभी राहिली, तर मला नाही सांगता येत." ते थांबले. "माझी नात दुसऱ्या ओळीत आहे. त्या दिवशी तिला ताप आलाय असं सांगून घरी ठेवायचं, असं मी ठरवलं होतं. महिनाभर तेच ठरवून होतो. काल तिच्या केसांचा भांग पाडताना मनात आलं, बाकीच्या एकतीस जणांचं काय. ते काही मनातून जाईना."

मफलर माझ्यावरून निघाले, तेव्हा माझी वाळू केव्हाच संपलेली होती. कुणीही 'वेळ झाली' म्हटले नव्हते. बेकरीवाले टक्क जागे होते.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बघू या." सगळे उठून चर्चमध्ये गेले. मधले दार उघडे राहिले. शिडी लावल्याचा आवाज आला. मग सावकाश म्हणाले, "हा टोचा घ्या. चांगल्या लाकडावर मारला की टक वाजतं. हे मधलं ऐका." टक, असा आवाज आला. "आणि हे टोक." मी लक्ष देऊन ऐकले. आवाज आलाच नाही. बसचालकांचे शब्द तेवढे ऐकू आले. "अहो, मुठीपर्यंत गेला."

ते परत आले तेव्हा पाळकांचा चेहरा पांढरा पडला होता. "कल्पना माझी होती, मीच मागे घेतो," ते म्हणाले. सज्जा बंद ठेवायचा यावर हात वर झाले. आठपैकी आठ. चिटणीसांनी लिहिले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचे वाक्य एका ओळीत मावले नाही.

सावकाशांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून बाईंपुढे सरकवला. राजीनामा होता. घडीच्या कडा झिजल्या होत्या. तो बरेच दिवस खिशात असावा.

"राजीनामा देऊन कुठे जाता?" सुईणआजी म्हणाल्या. "तुळई कोण बदलणार?"

"हा मला घेता येणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आम्ही नेमलेलं नाही, सुतारदादा. मंडळीनं निवडलंय. सांगायचं ते मंडळीला सांगा."

त्या रविवारी उपासनेनंतर सावकाश दोनशे माणसांसमोर उभे राहिले. बाईंनी मला सवयीने सोबत नेले होते. मला उलटे केले गेले आणि माझी अर्धी वाळूही पडली नव्हती, तेवढ्यात सगळे सांगून झाले होते. तापाचे खोटेसुद्धा. त्यांची नात पहिल्या बाकावर आईजवळ बसली होती. ती आजोबांकडे बघत राहिली.

त्यांना काढावे का, यावर मंडळीने हात वर केले. काढावे म्हणणारे एकेचाळीस. राहू द्यावे म्हणणारे त्याहून बरेच जास्त, पण ते एकेचाळीस हातही मला स्पष्ट आठवतात. त्यांत ज्यांची मुले पहिल्या ओळीत उभी राहणार होती अशी माणसे होती. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. सावकाशांची पुढे काही कामे गेली, तीही खरी गोष्ट आहे. मुले शताब्दीला जमिनीवर उभी राहून गायली. आवाज वरून आला नाही, समोरून आला.

तुळई सावकाशांनी स्वतः बदलली. दुसऱ्या गावाहून एक सुतार बोलावून त्याच्याकडून ती तपासून घेतली. वडिलांनी नवा ठराव केला की कोणतेही काम रंग देण्याआधी दोन वडिलांनी डोळ्यांनी पाहायचे. तो ठराव अजून चालू आहे. आणि आणखी एक रीत पडली, ती कुठे लिहिलेली नाही. कुणाला बोलणे जड जाते आहे असे दिसले की दुसरे कुणी म्हणे, "माझी वाळू त्यांना." एकदा बेकरीवाल्यांनी चौघांची वाळू गोळा केली आणि प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांना वाटायची, भाकर कशी भाजावी यावर पंधरा मिनिटे ऐकवले. तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

आता बाई नाहीत. आजीही नाहीत. नवे अध्यक्ष चांगले आहेत, पण ते टेबलावर फोन ठेवतात. तीन मिनिटे झाली की तो वाजतो आणि बोलणारा दचकून थांबतो. मी काचेच्या कपाटात असते, मेणबत्त्यांच्या तुकड्यांच्या आणि एका वाकड्या समईच्या शेजारी. माझ्या वरच्या टोपीवर धूळ आहे. एका खांबाला चीर गेली आहे. माझे फारसे म्हणणे नाही. फोनही वेळ बरोबरच मोजतो. पण मागच्या महिन्यात बसचालकांची मुलगी, जी आता वडील आहे, फोनकडे बघत बघत सावकाश होत गेली. तो वाजला आणि ती झटकन बसली. मला कपाटात कसेसे झाले.

म्हणून मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. मला पुसून टेबलावर ठेवा किंवा ठेवू नका. पण तुम्ही मोठे व्हाल, कुठल्या तरी टेबलाभोवती चार माणसांत बसाल, लोकांनी विश्वासाने निवडलेले असाल. तिथे कुणी वेळ संपण्याची वाट बघत बोलताना दिसले, तर तुमची तीन मिनिटे त्याला देऊन टाका. आणि घड्याळ झाका. तो तुमचे आभार मानेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

सावकाशांनी सुईणआजींचे आभार मानल्याचे मी कधी ऐकले नाही. एका शनिवारी ते अर्धा तास लवकर आले. त्यांनी आजींची खुर्ची उलटी केली, अधू पाय काढला, नवा तुकडा जोडला आणि खुर्ची जागेवर ठेवली. आजी आल्या, बसल्या, एकदा मागेपुढे झाल्या. टक वाजले नाही. त्यांनी वर पाहिले नाही, पिशवीतून विणकाम काढले.

त्या पायाला सावकाशांनी रंग दिला नव्हता. जुने लाकूड कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, ते मला या कपाटातून आजही दिसते.